पट्टीकाकांची सोबतीची बाग

पट्टीकाकांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. अख्खी नोकरी इमारतींचे नकाशे काढण्यात गेली, शर्टाच्या खिशात पट्टी असायचीच, म्हणून पट्टीकाका. माणूस वाईट नव्हता हो. फक्त त्यांना जग वरून बघायची खोड होती. नकाशात भिंती दिसतात, दारं दिसतात, माणसं दाखवायची पद्धत नसते. त्यामुळे घरात कुणी राहतं, हे काकांच्या ध्यानात जरा उशिराच यायचं.

त्यांच्या स्वतःच्या घराचंच घ्या. स्वयंपाकघराची खिडकी त्यांनी पार डोक्याच्या वर नेऊन ठेवली. का, तर धूर वर जातो, हवा खेळती राहते. हवा खेळली खरी, पण काकू सगळा जन्म भिंतीकडे तोंड करून राबल्या.

"बाहेर कोण आलं, कोण गेलं, काही दिसत नाही हो," त्या म्हणायच्या.

"ऐकू येतं ना?" काका म्हणायचे. संपला विषय!

म्हणून काकूंनी मागच्या अंगणात एक खुर्ची टाकली होती. वेताची, एका पायाला दोरी गुंडाळलेली. दुपारची भांडी आवरली की चहाचा कप घेऊन तिथं बसायचं. कुंपणापलीकडे रस्ता दिसायचा, भाजीची गाडी, शाळा सुटलेली पोरं, येताजाता दोन शब्द बोलणारी शेजारीण. एवढ्या घरात काकूंची म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

आणि काका निवृत्त झाले. झालं! घरात बसून करतात काय, नजर गेली अंगणावर.

"केवढी जागा वाया चाललीय!"

त्यांनी कुठंसं वाचलं होतं की हिरवा मसाला इतका दाट लावायचा की माती दिसताच कामा नये, म्हणजे तण उगवत नाही. आणि शेजार असा निवडायचा की एकाच्या वासानं दुसऱ्याची कीड पळावी. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. घरातल्यांनी ताटं मांडीवर घेतली. लसणाला मिरचीशेजारी बसवलं. कडेनं झेंडूचा पहारा. शेपू आणि बडीशेप यांचं पटत नाही, तेव्हा एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधोमध कोथिंबीर. पोटच्या मुलीचं लग्न ठरवताना या माणसानं एवढी चौकशी केली नव्हती!

"आणि पुदिना?" काकूंनी विचारलं.

"छे छे! तो पसरतो. शेजाऱ्याची जागा खातो. त्याला वेगळी कुंडी, आणि तीही कोपऱ्यात."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझी खुर्ची?"

"खुर्ची काय गं, कुठंही मावते. पुढच्या खोलीत ठेव."

"तिथून काय दिसतं?"

"टीव्ही दिसतो की!"

काकूंना रडूच यायचं बाकी होतं. पण रडून नकाशा बदलत नाही, हे त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं. खुर्ची पुढच्या खोलीत गेली.

बाग मात्र फोफावली, खोटं कशाला बोला. तणाचं नाव नाही, किडीचा पत्ता नाही. येईल त्याला काका अंगणाच्या उंबऱ्यावर उभं करून माहिती देत. उंबऱ्यावरच, कारण आत जायला वाटच नव्हती! कागदावर सगळं बसलं होतं, फक्त पाय ठेवायची जागा राहून गेली होती. मधली कोथिंबीर कुणाच्या हाताला लागेना. काका काठीला विळा बांधून उंबऱ्यावरून कोथिंबीर कापायला बघत. उंटावरून शेळ्या हाकायची सवय ती, सुटतेय थोडीच! काकू गाडीवरून जुडी घेऊ लागल्या.

"अगं बाई, घरची एवढी बाग असताना?" शेजारणीनं विचारलं.

"घरची बघायची असते," काकू म्हणाल्या.

एके दुपारी भांडी आवरली आणि काकूंनी पुढच्या खोलीतली खुर्ची उचलली. मागचं दार उघडलं. झेंडू तुडवत, लसूण वाकवत तडक मधोमध गेल्या. कोथिंबिरीत खुर्ची रोवली, परत येऊन चहा घेऊन गेल्या आणि बसल्या. वास असा सुटला की काका झोपेतून उठून धावत आले.

"अगं, अगं! हे काय! नकाशात हे नाहीये!"

"नकाशात मी कधी होते?" काकूंनी मान वळवली नाही. "सगळा जन्म भिंत बघितली मी. आता पुरे."

काका थोडा वेळ उंबऱ्यावर घुटमळले, मग आतून दुसरी खुर्ची घेऊन आले. ओशाळं हसत म्हणाले, "सरक थोडी. इतक्या रोपांना सोबत दिली, आता आपली दोघांची."

काकूंनी शांतपणे घोट घेतला.

"तुमची खुर्ची तिकडं, कोपऱ्यात. पुदिन्याच्या कुंडीजवळ."

"का गं?"

"पसरणाऱ्याला शेजार द्यायचा नसतो. तुम्हीच सांगितलंत."

काका गेले बापडे. पुदिन्याशेजारी खुर्ची कशीबशी मावली. तिथून रस्ता दिसत नव्हता. समोर स्वयंपाकघराची भिंत होती, आणि पार वर, हात पुरणार नाही अशी, ती खिडकी.