कुंताचा बाप

कुंताच्या बापाच्या तोंडात तीळ भिजत नाई. माहा नवरा हाये, पण खरं ते खरं. सावली गावच्या बाजारात मासे विकता विकता घरचं भांडणही वाटून येते. अख्ख्या जन्मात त्यानं दोनच गोष्टी लपवल्या, अन् त्यातली एक जिवावर आली.

आमी ढिवर, मासे धरणारे. चार लोकांत यानं छाती ठोकून सांगितलं होतं, "परायाच्या धानाच्या बांधीत मी मजुरीले पाय नाई टाकीन!" अन् त्या साली तलावात मासळीच नाई. हा रोज जाळं खांद्यावर टाकून निघे अन् रिकाम्या हातानं घरी येई. "मासे लय हुशार झाले वो," म्हणे. मले काय ठाऊक, गडी शेजारच्या खुशालभाऊच्या धानावर औषध फवारून राह्यला म्हणून! तेही कसं, तं औषध पाण्यात हातानंच ढवळायचं, पंप पाठीवर गळला तरी तसंच फिरायचं. काडी घ्यायले काय झालं होतं मेल्याले?

अन् एका सकाळी त्याचा जुना हर्निया अडकला. लोळू लोळू ओरडे. खुशालभाऊनं जीप आणली, चंद्रपूरले मोठ्या दवाखान्यात नेलं. बेशुद्ध करणाऱ्या डॉक्टरीणबाईनं माह्यासमोर बरोबर विचारलं, "शेतात फवारणी करता का?"

"नाई बाई, आमी मासेवाले!" दुखण्यातही ऐट पाहा. मीही मान डोलावली.

ऑपरेशन झालं चांगलं, पण हा श्वासच घेईना. बाई बाहेर येऊन परत तेच विचारू लागली. मी "नाई नाई" म्हणून राह्यली, तं खुशालभाऊ खाली मान घालून म्हणे, "बाई, पुरा हप्ता माह्याच बांधीत फवारत होता तो."

बाईनं कपाळाले हात लावला. "घशात नळी घालायला अंग ढिलं करायचं इंजेक्शन दिलं. त्यात श्वासही थांबतो. एरवी ते रक्तात लगेच विरतं, पण फवाऱ्याच्या विषानं रक्तातली ती ताकदच मारली. आता विरेपर्यंत त्याचा श्वास आपण घ्यायचा."

श्वासाची मशीन दुसऱ्या पेशंटले लागली होती, म्हणून नळीले एक काळा रबरी फुगा लावला होता. तो दाबला का छाती वर येई. बाईचे अन् सिस्टरचे हात भरून आले, तवा मले आत बोलावलं. जाळं ओढणारे हात हायेत माहे, दाबत राह्यली. बाईची बोटं त्याच्या नाडीवरून हालली नाई. म्हणे, "झोपेचं औषध देतेय, तरी कान जागे असू शकतात. नावानं हाक मारा."

नावानं! लग्नात उखाण्यात घेतलं असन तेवढंच. म्हणून पहिले मी झाडून घेतलं. "खोटारड्या, मासे हुशार का तू? बांधीत गेलास तं काय नाक कापलं असतं?" बोलली, बोलली, अन् हा गप. जन्मात पहिल्यांदा माह्या बोलण्याले उत्तर नाई. तेच मले सोसेना. लय भेव वाटलं. मंग वाकली कानाशी अन् घेतलं नाव. एकदा नाई, कितीदा तरी. "ऊठ ना रे! माह्याशी भांडन कोण?"

लय वेळानं मी दाबायच्या आधीच फुगा हातात हालला. मी किंचाळलीच! बाई मात्र घाई करे ना. त्यानं मान उचलून धरली, हात घट्ट आवळला, तवा नळी काढली. घोगऱ्या आवाजात पहिला शब्द काय बोलला असन?

"आणखी एकदा म्हण ना."

"काय म्हणू?" मी पदर तोंडाले लावला. कुठी तोंड लपवावं असं झालं.

आता हा बांधीबांधीवर जाऊन लोकायले आपणच सांगते, काडीनं ढवळा रे, आंग धुवा, डॉक्टरपाशी लपवू नका. ढिवर असून बांधीत गेलो तेही सांगते, हसत हसत. पण बायकोनं नाव घेतलं, हे त्यानं आजवर कोणालेच सांगितलं नाई.

अन् तुमाले ते नाव पायजे असन, तं खुशालभाऊले विचारा.