पाठ केलेली उत्तरे

इतकी वर्षे लोटली, तरी देऊळघाटच्या त्या ओट्यावरची चौकशी मनातून गेलेली नाही. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती आणि मी बुलढाण्यास फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहताना एक निनावी अर्ज हाती आला. देऊळघाटातील निवृत्त शाळामास्तरांचा मुलगा विलायतेत गिरणीत नोकरीस होता. त्याची पत्नी म्हणून जी बाई तिकडे जाऊ पाहते ती खोटी आहे, असा आरोप होता. पुरावा एकच: "रोज दुपारी ती नवऱ्याचे नाव पाठ करते. खऱ्या बायकोले नवऱ्याचं नाव पाठ करावं लागते काय?"

बाईच्या पासपोर्टचा चौकशी अहवाल मलाच पाठवायचा होता. तो प्रतिकूल गेला असता, तर मुंबईच्या इंग्रजी वकिलातीतील परवान्याची मुलाखत दूरच, तिचे नवऱ्याकडे जाणेच संपले असते.

स्त्रीला ठाण्यात बोलावणे मला प्रशस्त वाटेना. पोलीस पाटलांना सोबत घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसलो. सून दाराआड उभी राहिली. मी नाव-गाव विचारताच ती शुद्ध पुस्तकी मराठीत घडाघडा बोलू लागली, "माझ्या पतीचे नाव अमुक. आमचा विवाह वैशाखात झाला. माझे पती चहात दोन चमचे साखर घेतात."

मी मध्येच अडवून विचारले, "लग्नात मामा कोण उभे होते?" ती अडखळली. मग पुन्हा पहिल्यापासून, "माझ्या पतीचे नाव अमुक..."

माझे बालपण वेदपाठशाळेत गेले. मंत्र मध्ये तुटला की विद्यार्थी आरंभाकडेच धावतो, हे मी जाणतो. हे पाठांतर होते, यात शंका उरली नाही. अर्ज खरा, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

"मास्तर, हे हिला कोणी शिकवले?"

"म्याच जी. लगन झाल्यावर वीस दिवसांत पोरगा गेला. त्याच्या चहातली साखर हिले कशी माहीत असन? साऱ्यांच्या देखत तोंड वर करून त्याच्याकडं पाह्यलं नाही हिनं! आन् नाव तर तोंडातून निघेच ना. मुंबईच्या सायेबानं हेच इचारलं आन् गप्प राह्यली तं? म्हून पाठ करून घेतलं."

मी लेखणी बाजूला ठेवली. "मुली, शिकवलेले सगळे विसर. तुला स्वतःला त्यांचे जे ठाऊक आहे, तेवढे सांग."

दाराआडून हसू दाबल्याचा आवाज आला. "झोपीत बैलं हाकलतेत जी. पहिल्या दिवशी मले वाटलं, घरात बैलच शिरले. उठून दिवा लावला म्या."

मास्तर चमकले. "हे तुले कोनं सांगतलं व?"

"सांगाले कोन पाह्यजे मामंजी? रोजच्या रोज जागी होत होती मी."

पोलीस पाटील खो खो हसले. "हाव सायेब, खरं हाय! वावरात पीक राखाले जागलीले जाओ, तवा माह्याजवळ निजे तो. रातभर नांगर धरे, कोनाले झोपू नाही दे!"

रीतीप्रमाणे लग्न लावणाऱ्या भटजींचा व दोन पंचांचा जबाब घेतला आणि अनुकूल अहवाल धाडला. अर्जदाराचा शोध मी घेतला नाही. भिंतीपलीकडून त्याने जे ऐकले, तेच लिहिले होते.

काही महिन्यांनी मास्तर प्रसाद घेऊन ठाण्यात आले. वकिलातीत नवऱ्याचे नाव विचारताच सून लाजून खाली पाहत राहिली, शेवटी तिने कागदावरच्या नावावर बोट ठेवले, असे त्यांनी सांगितले. दुभाषी बाईने साहेबांना ही आपली रीत समजावली. परवानगी मिळाली होती.

तो प्रसाद मी घरी नेला. पत्नीने तो देवापुढे ठेवला आणि शेजारणीला सांगितले, "ह्यांनी आणलाय." पंचवीस वर्षांच्या संसारात तिने माझे नाव एकदाही उच्चारले नव्हते. हे ज्याच्या घरात रोज घडत होते, त्यानेच त्या ओट्यावर बाईच्या अडखळण्याला खोटेपणा मानले. पुढे जबाब घेताना कोणी अडखळले, की मी लेखणी खाली ठेवून थांबत असे.