विनूचा पतंग कोणी कापेना

आमच्या घरी फोन नाही, खालच्या जयाबेनकडे येतो. डिसेंबरातल्या त्या सकाळी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली आणि मी पीठभरल्या हातांनीच खाली धावले. माझा मावसभाऊ विनू गेला होता. पंचविशीही धड ओलांडली नव्हती त्यानं. ताप हटेना म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, आणि तापाचं मूळ त्याच्या काळजात बसवलेल्या व्हॉल्व्हमध्येच निघालं. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. तव्यावर भाकरी टाकते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते, ती करपल्याचा वास आला की परत येते. हे लिहिणंही असंच, उठत-बसत चाललंय...

लहानपणी सांधेतापानं त्याच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. कॉलेजात असताना मुंबईला नेऊन ती बदलली. परत आला तो छातीत टिकटिक घेऊन. खोलीत सामसूम असली की शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायची. मावशी तर भाजी निवडता निवडता हात थांबवून कान द्यायची आणि तो चिडून पंखा मोठा करायचा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज, आणि ती चालू म्हणजे साधं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. म्हणून ब्लेडनं दाढी बंद, क्रिकेट बंद. पालेभाजीनं गोळीचा गुण उतरतो, म्हणून मेथीही बेतानंच. पण याहून जास्त त्याला छळलं ते लोकांच्या चांगुलपणानं. सुरतेतच, पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलच्या ऑफिसात लागला, तर तिथं तो दिसला की कोणीतरी उठून खुर्ची द्यायचं. ती नोकरी सोडून शहराबाहेर सचिन गावच्या मिलमध्ये लागला. महिनाभरात तिथंही खुर्ची आली. "ताई, मी काय गरोदर आहे का?" असं मला विचारायचा. मी हसायचे. तो हसायचा नाही, त्याचा पाय मात्र सारखा हलत असायचा.

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, हा त्याचा खरा सण. पतंगासाठी मावशीनं नको नको म्हटलं, पण शेवटी बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळायच्या या अटीवर सोडलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच संक्रांतीला दिवसभर त्याचा पतंग हवेत राहिला. दुसऱ्या वर्षीही तेच. आमच्या गावाकडच्याच माणसांची सोसायटी, तिथं वाहवा झाली. तिसऱ्या वर्षी त्याला शंका आली. त्याचा पतंग दुसऱ्याच्या दोरीवर जाऊन पडला की समोरचा ढील देऊन दूर निघून जायचा. त्यानं मुद्दाम आपला पतंग शेजारच्या पाटीलकाकांच्या पतंगाला जाऊन भिडवला. काकांनी भराभर आपला पतंग खाली ओढून घेतला. तेव्हा हा त्यांच्या गच्चीवर जाऊन उभा राहिला आणि खरं काय ते सांगा म्हणाला. काका बिचारे साधे माणूस. "अरे, तुझी आई घरोघर हात जोडत फिरली. मन्हा पोऱ्याना पतंग कापू नका रे भो, त्याना काळजाले धसका बसी, म्हणे."

साऱ्या सोसायटीनं दरवर्षी हे पाळलं होतं. कोणी चेष्टा केली नाही, कोणी चहाडी केली नाही. मला ऐकून भरूनच आलं. विनूला आला तो निव्वळ संताप. त्यानं फिरकी खाली टाकली आणि दोन दिवस मावशीशी बोलला नाही.

पुढच्या संक्रांतीला सकाळीच तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला आमच्याकडे येऊन उभा राहिला. पहिला प्रश्न, "तुझ्या गच्चीवर मला कोणी ओळखत नाही ना?"

नाही म्हटलं. त्याच्या बोटांना मीच पट्ट्या बांधल्या, भीतीनं जरा जास्तच. वर गेलो. आजूबाजूला सगळे हिऱ्याच्या कारखान्यांत काम करणारे, पतंगाच्या बाबतीत एकेक कसाई. पहिला पेच लागला आणि क्षणात समोरून "ए काप्यो छे!" अशी आरोळी उठली, थाळ्या वाजल्या. विनूच्या हातात सैल दोरी. तो पाठमोरा उभा. मावशीला काय तोंड दाखवू, हेच माझ्या डोक्यात. मग तो वळला आणि इतका हसत होता, इतका! "ताई, माझा कापला! बघितलंस? कापला त्यांनी!" दिवसभर तो हरत राहिला. ऊंधियूच्या भाजीतले मेथीचे तळलेले मुठिये बाजूला काढत जेवला आणि पुन्हा वर पळाला. आईला सांगू नको, म्हणाला. मी सांगितलं नाही.

या संक्रांतीला तो नव्हता. मी पांडेसऱ्याला मावशीकडे गेले. साऱ्या सुरतेत गलका, आणि त्यांच्या सोसायटीवरचं आभाळ मात्र रिकामं. माणसं वर उभी होती, पण दुखवटा म्हणून कोणी दोरीला हात लावत नव्हतं.

"आज कोनीच पतंग उडाई नही ऱ्हायनं का?" मावशीनं विचारलं.

मला राहवलं नाही, कतारगामचा तो सगळा दिवस सांगून टाकला. ती ऐकत राहिली. रडेल असं वाटलं होतं... ती उठली, कपाटावरून विनूची फिरकी आणि त्याचा एक पतंग काढला आणि गच्चीवर जाऊन पाटीलकाकांच्या हातात दोरीचं टोक दिलं. फिरकी स्वतः धरून बसली. पतंग वर गेला. तो बघून बाकीच्यांनीही पतंग काढले, पण सवयीनं सगळे त्याला टाळूनच उडवू लागले.

"कापा ना रे!" मावशी ओरडली. "भ्यातस कसाले? कापा!"

कोणाचा हात पुढं होईना. मग समोरच्या गच्चीवरून एकानं मावशीकडे न बघता पेच घेतला. विनूचा पतंग गिरण्यांच्या धुराड्यांकडे वाहत गेला. थाळी वाजली नाही. मावशी पडलेली दोरी गुंडाळत होती, आणि वर न बघताच तिनं मला विचारलं, "तो खरंच हासना व्हता का व?"

हो म्हटलं. खूप.