पोत्याच्या तोंडाचा मिशीवाला

पुण्याहून निघताना बायकोने विचारलं, "वाशिमला बेसबॉल खेळतात?" मला माहीत नव्हतं. खरं तर तो खेळही मला अजून धड कळत नाही.

पण बेसबॉलची जुनी कार्डं मी जमवतो. नव्वदच्या आसपास अमेरिकेतल्या मामाने खोकंभर पाठवली होती. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. ती इतकी छापली गेली की आज त्यांना रद्दीचाच भाव. माझ्या संचात एकच घर रिकामं होतं, चारशे सतरा नंबरच्या मिशीवाल्या खेळाडूचं. ते मागवता आलं असतं, पण मागवणं मला लबाडी वाटते. तेवढ्यात शेतीच्या पाहणीसाठी फिरणाऱ्या मित्राने वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंगजवळच्या एका घरातला फोटो पाठवला. बियाण्याच्या पोत्याच्या तोंडाला सुतळीने बांधलेला माझा मिशीवाला! तो तिथे कसा पोचला, याचा विचार करतच मी गाडीत बसलो.

वाशिमहून एसटी धरली आणि डुलकीत एक फाटा पुढे गेलो. "झोपले होते काय जी? आता जा पायी," कंडक्टर म्हणाला. मे महिन्याचं ऊन. एका हाताला नांगरलेली काळी रानं, दुसऱ्या हाताला मुरमाड माळ. घर सापडेपर्यंत टाळू तापली.

घर शांताबाईंचं. साठीच्या, एकट्याच शेती बघणाऱ्या. ओसरीवर एकसारखी पाच पोती, प्रत्येकावर एक खेळाडू.

"आमच्या यायनं (यजमानांनी) आणले होते अकोल्याहून, रद्दीच्या गठ्ठ्यात," त्या म्हणाल्या. "मले वाचता येत नाही, म्हणून पोत्याले तोंडं बांधली. मिशीवाला म्हणजे माळाची सोयाबीन, लवकर येते. हसरा म्हणजे काळ्या रानाची, उशिराची. हे लोक किरकेटवालेच ना?"

मी समजावू लागलो आणि मध्येच मलाच काही कळेना. "राहू द्या, जेवून घ्या," म्हणत त्या आत गेल्या. बाहेर पातोडीचा (बेसनाच्या वड्यांच्या रश्शाचा) वास येऊ लागला.

तेवढ्यात मी माती खाल्ली. जमवणाऱ्याचा हात स्वस्थ बसत नाही. पाचही कार्डं सोडून मी बाजेवर नंबराने ओळीत लावली आणि खूश होऊन बघत बसलो.

ताट घेऊन बाहेर आलेल्या शांताबाई जागीच थांबल्या. "हे काहून सोडले, भाऊ?"

"पुन्हा बांधतो," मी म्हणालो. मला नंबर आठवत होते, पोती आठवत नव्हती. तूर, मूग, ज्वारी दाण्यावरून ओळखू आली. सोयाबीनची दोन पोती उरली. मित्राने पाठवलेला फोटो काढून पाहिला, तर त्यात नुसतं पोत्याचं तोंड! शांताबाईंनी दोन्हींतला दाणा तळहातावर घेतला, उन्हात धरला, चावून पाहिला. मला तर दोन्ही अगदी सारखे दिसत होते.

"माळावर उशिराची पडली तं शेंगा भरायच्या आंधीच वाळते," त्या हळू म्हणाल्या. "आता दोनी काळ्या रानातच पेरा लागते. माळावर यंदा सोयाबीन नाही. फुलं आली म्हणजे कळंल कोण कोणतं ते."

मी माफी मागितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताट पुढे सरकवलं. मी खाली मान घालून जेवलो. रस्सा मात्र फार चांगला होता, हेही खरं.

निघताना मिशीवाला त्यांनी माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत होतो.

"न्या. आता याच्यावर माहा भरोसा नाही राह्यला."

पुण्याला येऊन ते कार्ड रिकाम्या घरात सरकवलं. तीस वर्षांनी संच पूर्ण झाला, आणि आनंद झाला की नाही हे मला अजून सांगता येत नाही. परवा कार्ड काढून उलटं केलं. जन्मगाव, उंची, वजन, प्रत्येक हंगामाच्या धावा, सगळं बारीक अक्षरात छापलेलं आहे. तो कोणत्या पोत्याचा होता, एवढंच नाही.