मामांनी जाकड आणलेली भाषा

आमच्या ह्यांच्या मामांनी उभ्या जल्मात एकबी वस्तू पहिल्या दिवशी पसंत केली न्हाई. मामी म्हणत्यात, त्यात मीबी आले. मामींना बघायला ते आपल्या राहू गावावरनं तीनदा गेले, चौथ्यांदा गेले तवा मामींच्या आबांनी दारातच इचारलं, "पावणं, पोरगी बघायला येताय का पोहे खायला?" तवा कुठं होकार आला. दुकानातनं समदं जाकड आणायचं, म्हंजी घरी न्यायचं, वापरून बघायचं, पटलं तर ठेवायचं न्हाईतर परत, आन् दुकानदारबी न्हाई म्हणत न्हाईत, कारण न्हाई म्हटलं तर मामा तिथंच बसून राहत्यात. एकदा फवारणीचा पंप जाकड आणला आन् पाण्यानं भरून पाठीवर अडकवून तसंच जेवायला बसले. मामी म्हणाल्या, "अवो, जेवताना तरी उतरवा." तर म्हणाले, "अर्ध्या तासानं पाठ काय म्हणती ते बघतोय. दुकानात कुणाचीबी पाठ गपच असती."

अशा माणसाकडं मी घाईचं काम घेऊन गेले. ह्यांची कंपनी शिरूरकडं होती, तिथनं त्यांना तमिळनाडूला होसूरला पाठवलं. ह्ये पुढं गेले खोली बघायला आन् दोन महिने मी पोरीला घेऊन मामांकडं राहिले. पोरगी दीड वर्साची, आन् तिला ताप चढला की फिट येती. पहिल्यांदा आली ती निमोण्याला, माझ्या माहेरी. तिचे डोळे वर गेले आन् मी नुसती दारात उभी, तोंडातनं शब्द न्हाई, शेजारच्या काकूंनीच तिला कुशीवर घेतलं आन् दवाखान्यात काय झालं तेबी त्यांनीच सांगितलं. मराठीत माझी ही गत, मग तिकडं ह्ये ड्युटीवर आसताना झालं तर मी काय सांगू आन् कुणाला सांगू, मी नववीपतुर शिकलेली, ह्याच भीतीनं मला भाकर गिळंना.

मामांना म्हटलं, "मामा, मला फोनमधी भाषा शिकायचं ॲप घालून द्या."

"कुठलं?"

"कुठलंबी."

हा शब्द मामांना अजिबात खपत न्हाई. मला खाली बसवलं. "सूनबाई, औषधाचा दुकानदार पयलं इचारतो, पीक कुठलं. तुझं पीक कुठलं? कुणाशी बोलायचंय?"

"डॉक्टरशी."

"काय बोलायचंय?"

तवा मला रडूच आलं, आन् रडता रडता समदं सांगितलं. मामांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मग म्हणाले, "वाचायला येळ आसंल तवा?" म्हटलं, पोरगी कडेवर आसंल. "मग कानानं शिकवणारं पायजे. आन् रेंज नसली तरी चालणारं."

ॲपवाले सात दिवस फुकट देत्यात हे कळल्यावर मामा लई खूश झाले. म्हणाले, शाणे दुकानदार हायत, जाकड देत्यात. एकामागनं एक चार आणली. पहिल्यात एक माणूस सफरचंद खायचा. चार दिवस झाले तरी खातोच हाय. मामा म्हणाले, "ह्याला दवाखान्यात कवा नेणार?" दुसऱ्यात मार्क मिळायचे, त्यात मामांचा पहिला नंबर आला, दोन दिवस चहा गार झाला, आन् मग एकदम म्हणाले, "मला एक वाक्य तरी येतंय का गं?" येत नव्हतं. तिसरं समदं इंग्लिशमधनं समजवायचं. चौथं उसात नेलं की गप. बरं, परत करताना मामा गुमान परत करत न्हाईत, तिथं चांदण्या देत्यात त्याच्या खाली लिहायचे, "माल चांगला. आमच्या रानाला बसत न्हाई. राग नसावा." आन् ॲपचा निरोप आला की तुमची आठवण येती, तर त्यालाबी उत्तर, "उसाला पाणी धरलंय, सवड न्हाई."

तेवढ्यात पाटसकडं ऊस तोडायचं मशिन आलं, त्याच्यावरचा माणूस तमिळनाडूचा. मामांनी त्याला फोनमधलं तमिळ ऐकवलं. तो हसायलाच लागला. "मामा, ये तो रेडिओ पे खबर पढ़ता है. घर में ऐसा कौन बोलता?" मामांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "अण्णा, तुम बोलो." आन् घरी येऊन पाचवं ॲप घातलं, समद्यात साधं, त्यात चित्र न्हाई, मार्क न्हाई, आपलं वाक्य आपणच भरायचं, आवाज भरायचा, ते रोज ऐकवणार आन् इचारणार. अण्णांनी मशिनच्या पायरीवर बसून बारा वाक्यं भरून दिली. पोरीला ताप हाय. ताप आला की फिट येती. मागच्या खेपंला किती येळ आली होती.

सात दिवस जाकड होतंच. मी चुलीपुढं, पोरगी रडतीय, आन् मामा फाटकातनं तमिळमधी इचारणार, काय झालं. मी पिठाच्या हातानं उत्तर द्यायचं. अडकले की परत फाटकात जायचे, परत यायचे. मामी म्हणायच्या, "भाकर करपली तर मी कुठल्या भाषेत सांगू?" आठव्या दिवशी मामा म्हणाले, "ठेवू हे."

होसूरला येऊन तिसरा महिना असंल. दुपारची येळ, ह्ये ड्युटीवर, पोरगी तापलेली. दवाखान्याच्या बाकावरच तिला फिट आली. मी उभी राहिले आन् एका दमात समदं सांगितलं. नर्स काय काय म्हणाली त्यातलं मला एक अक्षर कळलं न्हाई, पर तिला समदं कळलं होतं. पळत आली, पोरीला घेतलं, डॉक्टरला हाक मारली. संध्याकाळी पोरगी बिस्कीट खात बसली.

मामांना फोन केला. ते नुसतं "बरं" म्हणाले. मामींनी फोन घेतला. "अगं, अजून शिकत्यात. मशिनवाले कवाच गेले, तरी रोज फाटकात एकटेच बोलत बसत्यात. म्हटलं, आता कुणासाठी? तर म्हणत्यात, पोरगी तिकडंच बोलायला शिकंल. सुट्टीला आली आन् मला काय म्हणाली, तर कळायला पायजे की."

काल आमची पोरगी शेजारणीच्या दारात जाऊन पाणी मागत होती. तिकडच्याच भाषेत, कुणी न शिकवता. मामांना अजून सांगितलं न्हाई मी, सुट्टीला गेलो की तिच्याच तोंडनं ऐकू दे त्यांना.