चेअरमनच्या गाडीचा सायलेन्सर

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू फुटतं. जेवताना एकदम हसलो की बायको विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "सायलेन्सर." मग तीही हसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण जेवणाच्या पानावर सांगण्यासारखी केस ही एकच. नावं कुणाचीच घेत नाही. ज्यांची आहेत त्यांना कळेलच.

मी तेव्हा बीड तालुक्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. दुष्काळाचं साल होतं. बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि ठाण्यात येणारे निम्मे अर्ज टँकरवरच्या भांडणांचे असत. अशात एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच एका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आत आले. चेअरमन म्हणजे कुणी पिकल्या मिशांचा पुढारी नव्हे. चाळिशीतला हौशी गडी. पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा.

"साहेब, माझी लाल गाडी चोरीला गेली. अंगणातून."

ती गाडी ठाऊक नसलेला माणूस आमच्या हद्दीत नव्हता. जमिनीला टेकेल इतकी बुटकी आणि वाऱ्यासारखी पळणारी. पण ती त्याच्या मालकीची नव्हती. पुण्याच्या एका कंपनीकडून भाडेकरारावर घेतलेली होती, आणि करारात स्वच्छ अट होती की गाडी जशी दिली तशीच परत करायची, एकही भाग बदलायचा नाही. आमच्या चेअरमननं सहा महिन्यांत इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवली, रुंद चाकं घातली आणि मूळ सायलेन्सर काढून असा एक बसवला की गाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. हायवेवर ती गरजली की चौसाळ्याचे हॉटेलवाले म्हणत, चेअरमन चहाला आले.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला, वायरलेसवर संदेश दिला, अंगणाचा पंचनामा केला. काच फुटलेली नव्हती, कुलूप तुटलेलं नव्हतं. मग नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुसरी चावी कुणाकडे असते?"

"मिस्त्रीकडं," तो सहज बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. त्याचं ते जीभ चावणं मी मनात नोंदवून ठेवलं.

मिस्त्री म्हणजे बीड शहरातला गॅरेजवाला. गाडीवरची सगळी कलाकुसर त्याचीच. चेअरमनचा शाळेपासूनचा दोस्त. चावी त्याच्याकडे म्हटल्यावर त्याला चौकशीला आणणं भागच होतं. आमची जीप त्याच्या गॅरेजसमोर थांबली तो बाजाराचा दिवस होता. अख्ख्या पेठेनं त्याला जीपमध्ये चढताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत दोन-चार गिऱ्हाईकं आपापल्या गाड्या ओढून घेऊन गेली. त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख ठरवायला तिच्या सासरची माणसं त्या शुक्रवारी यायची होती. त्यांचा निरोप आला, सध्या राहू द्या. ही गोष्ट मला मिस्त्रीनं सांगितली नाही, आमच्या हवालदारानं सांगितली. मिस्त्री फक्त बाकावर बसून हाताचं ग्रीस चोळत होता.

"गाडी कुठे आहे?"

"मला न्हाई मालूम, साहेब."

"गाडीवर काय काय काम केलंस?"

इथे मात्र गडी खुलला. कोणता पाइप काढला, हवा कशी मोकळी केली, सेटिंग बदलल्यावर गाडीनं कशी उडी घेतली, सगळं हातवारे करून सांगू लागला. त्याच्यासमोरचा चहा निवून गेला तरी त्याला भान नव्हतं. ज्यानं गाडी चोरून विकली तो तिच्याबद्दल असं बोलत नाही, हे मला तेव्हाच पटलं.

"मग मूळ सायलेन्सर कुठे आहे?"

तो पुन्हा हाताचं ग्रीस चोळायला लागला.

"ते चेअरमनलाच इचारा, साहेब. म्या जबान दिलीय."

"अरे, त्यानं दिलेल्या फिर्यादीवरून तू इथे बसलायस!"

"दोस्त हाय माझा. त्याची काही तरी लई मोठी अडचन असंल," तो म्हणाला. "न्हाई तर असं करणारा न्हाई तो."

मला त्याचा राग आला आणि कौतुकही वाटलं. त्याला घरी पाठवलं, पण रोज हजेरीला यायला सांगितलं.

रीतीप्रमाणे मी पुण्याच्या कंपनीला चोरीची माहिती कळवली. तिकडचा साहेब म्हणाला, "कमाल आहे! सोमवारी आमचा माणूस गाडीच्या तपासणीला येणार आहे. तुमच्या चेअरमनना आधीच कळवलं होतं." फोन ठेवला आणि मी हवालदाराकडे पाहिलं. तोही हसत होता.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. गाडी हाती लागायला हवी होती. दोन दिवसांनी चौसाळ्याच्या फाट्यावर पेरू विकणारा आमचा खबऱ्या आला. डाग पडलेले पेरू टेबलावर ठेवत म्हणाला, "साहेब, एक इपरीत बघून आलो. चेअरमन छावणीवर सोताच्या हातानं चारा वाटायला लागलेत. चष्मा काढून!"

पदावरचा माणूस स्वतः पेंढ्या उचलतो तेव्हा पोलिसानं जाऊन बघावं. त्या दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी चालवली होती आणि छावणीचा कारभार चेअरमनच्या थोरल्या वहिनींकडे होता. दावणीची कुठली गाय कुणाची आणि कुठली लाथ मारते, सगळं त्यांना पाठ. छावणीत त्यांचाच शब्द चाले. चेअरमन तर त्यांच्यापुढे मान वर करून बोलत नसे.

आम्ही पोहोचलो तेव्हा टाकीतलं पाणी हौदात चढवणारं डिझेल इंजिन चालू होतं. अशा इंजिनापाशी ओरडून बोलावं लागतं. हे मात्र मांजरासारखं गुरगुरत होतं. जवळ गेलो तर त्याच्या धुराच्या नळीला एक चकचकीत सायलेन्सर जोडलेला. वर हळदीकुंकू, सुकलेला झेंडूचा हार.

"लोकार्पण झालंय त्याचं," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "ह्या इंजिनाच्या आवाजानं गायी बिचकायच्या, पान्हा सोडत नव्हत्या. दीर म्हणला, वहिनी, पुण्याचा सायलेन्सर देतो. मिस्त्रीनं बसवला. मंडप घातला, माइक लावला, नारळ फोडला. तवापासून दूध वाढलं बगा."

मला सगळं उमगलं. करारानं घेतलेल्या गाडीचा सायलेन्सर यानं नारळ फोडून गावाला अर्पण केला होता. आता तपासणी आली. चाकं आणि सेटिंग मिस्त्रीनं रातोरात पूर्ववत केली असती, पण सायलेन्सर परत घ्यायचा तर वहिनींसमोर उभं राहून, माइकवर दिलेलं दान माघारी मागावं लागणार. आमच्या भागात सोसायटीचा चेअरमन एक वेळ निवडणूक हरेल, पण लोकार्पण झालेली वस्तू उपसून नेणार नाही.

"आणि गाडी?" मी चेअरमनला विचारलं.

"चोरीला गेली की, साहेब," तो म्हणाला आणि कडब्याच्या मोठ्या गंजीला पाठ लावून उभा राहिला.

"ह्या गंजीला कुणाला हात लावू देईना," वहिनी कुरकुरल्या. "बारक्या गंज्या संपत आल्या. म्हणतो, ही राखीव हाय."

आता सांगा, दुष्काळात लपवायला जागा कोणती निवडली? जी खायला शेकडो तोंडं टपलेली आहेत ती! मी काही बोलायच्या आत दावणीचा एक धिप्पाड वळू दावं तोडून थेट गंजीत घुसला. एक पेंढी ओढली, दुसरी ओढली, आणि तिसरीसाठी शिंग खुपसलं तसा आत ठण्ण आवाज झाला. पुढच्या क्षणी गंजीच्या पोटातून चोरघंटा कर्कश वाजायला लागली. मुद्देमालानं स्वतःच जबाब दिला. गायी उधळल्या, बादल्या लवंडल्या, हवालदार पोट धरून खाली बसला. कडब्यातून लाल दिवे उघडमीट करत होते आणि वहिनी दिराकडे एकटक बघत होत्या.

"कावून?" असं का केलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

चेअरमननं तिथेच सगळं कबूल केलं. गाडी सुरू केली असती तर पंचक्रोशीला कळलं असतं, म्हणून छावणीतली बैलजोडी जुंपून त्यानं ती ओढत आणली होती. तेवढ्या ताकदीची गाडी, आणि शेवटी बैलांनी ओढली! मिस्त्रीवर बालंट येईल हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. आलं तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. सांगता सांगता तो रडला. ते रडणं खरं होतं.

मी न्यायालयात 'ब' समरी पाठवली, म्हणजे फिर्याद खोटी असल्याचा अहवाल, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर वेगळी कारवाई केली. त्याला दंड झाला. कंपनीनं नव्या सायलेन्सरची भरपाई घेतली आणि गाडी नेली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी खरा निकाल वहिनींनी दिला.

"लोकार्पण माइकवर केलंस ना? मंग माफी बी माइकवरच." मग माझ्याकडे वळल्या. "आन् साहेब, मिस्त्रीला नेताना जीपमधी नेलंत. आता आणताना बी जीपमधीच आणा. बाजारातनं."

मला त्यात एक शब्दही खोडता आला नाही. बाजाराच्याच दिवशी मी स्वतः जीप घेऊन गॅरेजवर गेलो. सगळ्या पेठेदेखत मिस्त्रीशी हात मिळवला, त्याच्याच बाकावर बसून चहा प्यालो आणि त्याला पुढच्या सीटवर बसवून छावणीत आणलं. चेअरमननं भरल्या मंडपात माइक हातात घेतला आणि "चुकलो रे, मिस्त्री," एवढंच म्हणाला. मिस्त्रीनंच पुढे होऊन माइक काढून घेतला.

"काय बे, मला आधी सांगायचं तर होतं," तो म्हणाला. "दुसरा सायलेन्सर शोधून आणला असता!"

मंडप हसला. दोघं गळ्यात पडले. पुढच्या शुक्रवारी मुलीच्या सासरची माणसं आली. तारीख ठरली, आणि त्या लग्नात दूध संस्थेच्या खव्याची मिठाई मीही खाल्ली.

या केसनं मला एक काम शिकवलं. आपण माणसाला चौकशीला नेतो तेव्हा गाव बघतं आणि निर्दोष म्हणून सोडतो तेव्हा तो एकटाच पायी घरी जातो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला दिवसाढवळ्या जीपनं दारात सोडलं आणि त्याच्याकडे चहा घेतला. कागदावर याला कुठलं कलम नाही.

त्या दिवशी छावणीतून परतताना मिस्त्री कान देऊन बसला होता. मला वाटलं, मन भरून आलं असेल.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुमच्या जीपचा सायलेन्सर फाटलाय. बदलून देऊ?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "ही गाडीसुद्धा माझी नाही."