जमिनीखालून येणारा आवाज

औशाच्या स्टँडवर आप्पांनी माझ्या ड्रमच्या काठ्यांची पिशवी शेवटपर्यंत हातातून सोडली नाही. बस हलायला लागली तेव्हा खिडकीतून ती आत दिली आणि विचारलं, "तिकडं जमीन हालत न्हाई ना?" बर्लिनला निघालेल्या पोरीला दुसरा कुणी बाप थंडीचं विचारेल. पण आमचं गाव किल्लारीजवळचं, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. माझ्या जन्माआधीचा भाऊ जुन्या घराच्या दगडांखाली गेला. "न्हाई हालत, आप्पा," मी म्हणाले.

बर्लिनची जमीन खरंच हलत नाही. तिथं माझा बँड जमला. गाणारी घानाची, सॅक्सोफोनवाला पोलंडचा, आणि म्होरकी मी, सगळ्यांच्या मागं बसून वाजवणारी. सोल आणि जॅझ एकत्र आणून आम्ही पहिला अल्बम केला. मला बेस ड्रम फार खोल हवा होता, कानाआधी पोटात पोचणारा. स्टुडिओत तो आवाज सापडला तेव्हा मी हरखून गेले.

त्याच आठवड्यात मायचा फोन आला. "जमीन गुरगुरायलीय बाई. समद्यांनी झोपायच्या बाजा अंगणात टाकल्यात."

"माझ्याकडं या दोघं."

"आन् पोराला हितं एकट्याला सोडून?" भावाबद्दल ती अजून असंच बोलते.

दिवाळीला गावी गेले. अल्बम अजून बाहेर यायचा होता. दुपारची जेवणं झाल्यावर मी तो स्पीकरवर लावला. आप्पा मान डोलवत ऐकत होते. मग बेस ड्रम सुरू झाला तशी माय उठली. एका हातानं आप्पांचा दंड धरला, दुसऱ्यानं माझा, आणि आम्हाला ओढत अंगणात आणलं. शेजारचेही बाहेर येऊन उभे होते. "माझंच गाणं हाय, माय," म्हणत मी हसले, आत गेले आणि स्पीकर बंद केला.

फळीवरचे तांबे तरीही थरथरत होते.

माय दारातून ते बघत होती. "तू जा," ती म्हणाली. "तिकीट हाय तुझं." मी आले निघून.

तुमच्यातले जे लांब गेलेत त्यांना ठाऊक असेल, गावाकडची खरी गोष्ट फोनवर सगळ्यात शेवटी येते. परवा आप्पांनी आधी म्हशीचं सांगितलं, मग पावसाचं. मग म्हणाले, "आवाज बंद झालाय."

"बरं झालं की."

आप्पा म्हणाले, "भूकंपाच्या बारीलाबी आधी असाच बंद झालता."

अल्बमचा पहिला कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे. माझ्या जागी दुसरा ड्रमर बघा, असं मी बँडला सांगितलं. गाणारीनं विचारलं, तू जाऊन जमीन थांबवणार आहेस का? नाही, मी म्हणाले. पण घर म्हटलं की आता मला भिंती आठवत नाहीत. त्या दोघांनी भिंतींपासून लांब टाकलेल्या बाजा आठवतात. त्यांच्या शेजारी तिसरी टाकायला मी निघाले आहे.